वानराचा पोशाख

गावात जत्रा असली की सोंगे निघतात. कोणी मारुती होतो, कोणी वाघ होतो. शाळेचे स्नेहसंमेलन असले की मुले नाटुकले करतात. त्यात माकडे असतात, बेडूक असतात, मासे असतात. अशा सोंगाला अंगासरसा बसणारा पोशाख लागतो. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच कपडा. वर सदरा वेगळा नाही, खाली चड्डी वेगळी नाही.

हा पोशाख ढगळ झाला, तर माकड माकडासारखे दिसत नाही. पोत्यात शिरलेले पोर दिसते. तो आखूड झाला, तर पोर वाकले की भर सभेत उसवतो. लोक हसतात, आणि त्या पोराला ते हसू जन्मभर आठवते.

असा पोशाख नीट कसा शिवावा, ते या धड्यात आपण पाहू. आम्हाला स्वतःला शिवण येत नाही. सुईत दोरा ओवायचा तरी आम्हाला दुसऱ्याचे डोळे लागतात. या धड्यातली शिवणाची माहिती दोघीजणींची आहे. एक आमच्या वर्गातल्या ताई, आणि दुसऱ्या आमच्या घरच्या. लिहिण्याचे काम तेवढे आमचे.

ताईंची अडचण

पुण्यात कर्वेनगर म्हणून भाग आहे. तेथे संध्याकाळी आम्ही मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग घेतो. त्या वर्गात एक ताई येतात. त्यांचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण त्यांनीच तसे सांगितले आहे. ताई मूळच्या खेड्यातल्या. नवऱ्याच्या कामासाठी शहरात आल्या. पुढे नवरा आजारी पडला. मग त्यांनी हप्त्याने एक जुने पायमशीन घेतले आणि घरोघरचे शिवण सुरू केले.

ताईंच्या हातात कला होती, पण अक्षर नव्हते. माप घ्यायला त्या सुतळी वापरत. छातीला एक गाठ, कमरेला दोन गाठी, उंचीला तीन गाठी. एका माणसाची एक सुतळी. चार गिऱ्हाइके असली तर चार सुतळ्या खुंटीला टांगलेल्या.

एकदा जवळच्या एका शाळेने त्यांना काम दिले. संमेलनात सेतू बांधायचा प्रसंग होता. नऊ मुले वानर होणार होती. नऊ पोशाख बारा दिवसांत हवे होते. शाळेने कापडासाठी आगाऊ पैसे दिले. ताईंनी तपकिरी रंगाचे ताणणारे कापड आणले. पहिला पोशाख त्यांनी दोन दिवसांत शिवला.

आठ वर्षांचा मुलगा तो घालून उभा राहिला. छान दिसला. मग तो माकडासारखा उकिडवा बसला आणि त्याने उडी मारली. चर्र आवाज झाला. दोन्ही पायांच्या मध्ये शिवण उसवली. पोर रडायला लागले.

त्या संध्याकाळी ताई वर्गात आल्या, पण त्यांनी पाटी काढली नाही. म्हणाल्या, "गुरुजी, उद्यापासून मी यायची नाही. कापड वाया गेलं. शाळेचे पैसे कुठून भरू? मशीनचा हप्ता तर तोंडावर आलाय."

आम्ही म्हणालो, "ताई, आठ पोशाखांचं कापड अजून शाबूत आहे ना? मग आधी पोशाख का फाटला ते तरी बघू."

पोशाख का फाटला?

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या कुटुंबाला बरोबर घेऊन ताईंच्या खोलीवर गेलो. शाळेत असताना मुलांच्या नाटकांचे पोशाख आमच्या घरीच शिवले जात. त्यामुळे त्यांना या कामाची नजर आहे.

त्यांनी पोशाख हातात घेतला. उलटा केला. मग ताईंना विचारले, "ताई, माप कसं घेतलंत?"

"खांद्यापासून कमरेपर्यंत एक माप, कमरेपासून घोट्यापर्यंत एक. आणि कापड ताणतं म्हणून सगळीकडून थोडं थोडं कमी केलं."

"आणि पायांमधून फिरून येणारं माप?"

ताई गप्प झाल्या. ते माप त्यांनी घेतलेच नव्हते.

त्या मुलाला बोलावले. त्याची आईही आली. टेपचे एक टोक मुलाच्या खांद्याच्या मधोमध धरले. टेप पुढून छाती-पोटावरून खाली नेली. दोन पायांच्या मधून मागे काढली. पाठीवरून परत त्याच खांद्यावर आणली. पायांमधली टेप मुलाच्या आईने धरली. माप आले ११६ सेंटिमीटर. मग पोशाखावर हेच माप घेतले. ते भरले ९८.

आम्ही ताईंच्या पाटीवर दोन आकडे एकाखाली एक लिहिले.

अंग ११६
पोशाख ९८

ताईंनी आकडे वाचले. वजाबाकी त्यांनीच केली. अठरा सेंटिमीटर कमी! उभे असताना कापडाने कसेबसे ताणून घेतले. पोर उकिडवे बसले, तेव्हा पाठ लांबली. आता कापडाला ताणायला जागा उरली नाही. मग सगळा जोर शिवणीवर आला.

दुसरी चूक दोऱ्याची होती. ताईंनी साधा सुती दोरा वापरून सरळ टीप मारली होती. कापड ताणले, पण दोरा ताणला नाही. म्हणून दोरा तुटला.

चुका दोन्ही सापडल्या, आणि दोन्ही दुरुस्त करण्याजोग्या होत्या.

हे कर्वेनगर कोणते?

येथे थोडे थांबू. ताई जेथे राहतात त्या जागेची गोष्ट आपल्याला ठाऊक असावी.

कर्वेनगरचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. पूर्वी हे पुण्याबाहेरचे खेडे होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवा व निराधार मुलींसाठी आश्रम काढला. पुढे रावबहादूर गोखले यांनी हिंगण्यास जमीन दिली. तेथे १९०० साली एक साधी झोपडी उभी राहिली आणि आश्रम तिकडे गेला. अण्णासाहेब तेव्हा पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. दिवसाचे काम झाले की ते पायी हिंगण्यास जात. वाट माळरानाची होती. पावसाळ्यात चिखल होई. पण ते जात.

बाईने स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा त्यांचा ध्यास होता. १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. खेड्यांत शाळा नाहीत हे पाहून १९३६ साली ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. तेव्हा त्यांचे वय ७८ वर्षांचे होते. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. १९६२ साली ते वारले. त्यांच्या नावावरूनच हिंगण्याचे कर्वेनगर झाले. त्यांनी लावलेले रोपटे आज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था या नावाने उभे आहे. त्या संस्थेत आज मुली कपडे बेतण्याचे आणि शिवण्याचे शास्त्रही शिकतात.

गणिताच्या प्राध्यापकाच्या नावाच्या या वस्तीत ताईंचे काम गणितानेच सावरले. ते कसे, ते आता पाहू.

कापड कसे ओळखावे?

आपल्या धोतराचे किंवा लुगड्याचे कापड जवळून पाहा. त्यात उभे धागे आहेत आणि आडवे धागे आहेत. ते एकमेकांच्या खालून-वरून गेलेले असतात. असे कापड फारसे ताणत नाही.

आता बनियन पाहा. त्यात धाग्याचे बारीक फासे असतात. एका फाशात दुसरा फासा अडकवलेला असतो. हाताने विणलेल्या लोकरी स्वेटरसारखीच ही वीण, फक्त फार बारीक. ओढले की फासे पसरतात, सोडले की आखडतात. म्हणून बनियन ताणते. तमिळनाडूतले तिरुप्पूर गाव अशा कापडासाठी नावाजलेले आहे.

पण नुसती वीण पुरत नाही. जुने बनियन ताणून ताणून ढिले पडते. म्हणून अशा कापडात रबरासारखा ताणणारा एक धागा थोडा मिसळतात. बाजारात त्याला लायक्रा म्हणतात. हा धागा अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९५८ साली तयार केला. अण्णासाहेबांना भारतरत्न मिळाले, त्याच वर्षीची ही गोष्ट.

दुकानात कापड घेताना अशी परीक्षा करावी.

कापडाची घडी घाला. घडीवर दहा सेंटिमीटरचे अंतर चिमटीत धरा. पट्टीवर ठेवून बेताने ताणा. दहाचे पंधरा झाले, तर कापड चांगले ताणते. मग सोडा. परत दहावर आले, तर कापड घ्यावे. अकरावर किंवा बारावर राहिले, तर घेऊ नये. त्याचे गुडघे दोन दिवसांत लोंबतील.

हीच परीक्षा उभ्या अंगाने करा आणि आडव्या अंगानेही करा. या पोशाखाला दोन्ही अंगांनी ताणणारे कापड लागते. जे अंग जास्त ताणते, ते शरीराभोवती यावे.

लायक्रा नव्हते तेव्हा काय करीत?

कोणी म्हणेल, हा तर नव्या काळाचा पोशाख. पण तसे नाही. फ्रान्स देशात ज्यूल लेओतार नावाचा कसरतपटू होता. १८५९ साली त्याने पॅरिस शहरात झुल्यावरचे खेळ दाखवले. उंच झुल्यावरून दुसऱ्या झुल्यावर उडी मारताना सैल कपडा अडकला, तर जिवावर बेतते. म्हणून तो विणलेल्या कापडाचा अंगासरसा एकसंध पोशाख घाली. त्याच्या नावावरून अशा पोशाखाला आजही लिओटार्ड म्हणतात.

आपल्याकडे विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत सर्कशीचा खेळ केला. भारतीय सर्कशीचे ते जनक. उंचावरच्या कसरती करणाऱ्यांना असाच बेताचा पोशाख लागतो. लेओतारच्या काळी लायक्रा नव्हते, तरी कसरती होत. म्हणजे सगळा भार ताणणाऱ्या धाग्यावर टाकून चालत नाही. माप बरोबर हवे.

माप घेणे

टेपच्या एका बाजूला इंच असतात आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. आपले शिंपी इंचात बोलतात. पण येथे आपल्याला मापाचा दहावा भाग काढायचा आहे. त्याला सेंटिमीटर सोपे पडतात. म्हणून आपण सेंटिमीटर घेऊ.

मुलाने पातळ कपडे घालावे. सरळ उभे राहावे. टेप अंगाला टेकावी, पण रुतू नये. पुढील मापे घ्यावी.

१. छातीचा घेर.
२. कमरेचा घेर.
३. बसण्याच्या जागेचा घेर, म्हणजे जेथे सर्वांत जास्त भरतो तेथे.
४. खांद्यावरून पायांमधून परत खांद्यावर, म्हणजे पूर्ण फेरा.
५. हाताची लांबी, खांद्यापासून मनगटापर्यंत. कोपर थोडे वाकवून.
६. पायाची आतली लांबी, वरपासून घोट्यापर्यंत.
७. मांडी, दंड, मनगट आणि घोटा यांचे घेर.

यांत चौथे माप सर्वांत महत्त्वाचे. सदरा व चड्डी वेगळी असली, तर वाकल्यावर सदरा वर सरकतो आणि काम भागते. एकसंध कपड्यात सरकायला जागा नसते. म्हणून पूर्ण फेऱ्याचे माप घेतल्यावाचून कापडाला कात्री लावू नये.

माप मुलाच्या आईसमोर किंवा बाईंसमोर घ्यावे. कोठे टेप लावणार ते मुलाला आधी सांगावे. पायांमधली टेप त्याने स्वतः धरावी किंवा त्याच्या आईने धरावी. मुलींचे माप बाईनेच घ्यावे. पोराची अब्रू मोठ्या माणसाच्या अब्रूइतकीच असते.

आणि प्रत्येक माप तिथल्या तिथे वहीत लिहावे. "लक्षात राहील" असे म्हणू नये.

मापाचे गणित

ताणणारे कापड अंगाच्या मापाइतके कापले, तर पोशाख सैल होतो. म्हणून माप कमी करतात. पण किती कमी करावे, हे ठरलेले असते. मनाला येईल तितके कमी करायचे नाही.

दहाचे पंधरा होणाऱ्या कापडाला घेराच्या मापातून दहावा भाग कमी करावा. पूर्ण फेऱ्यातून विसावा भाग कमी करावा. कापड उभ्या अंगाने कमी ताणत असेल, तर फेऱ्यातून काहीच कमी करू नये. हाताची आणि पायाची लांबी कमी करू नये.

त्या मुलाची छाती ६० होती. साठाचा दहावा भाग सहा. साठातून सहा गेले, राहिले ५४. पोशाखाच्या अंगाचे चार तुकडे असतात. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा आणि मागचा उजवा. प्रत्येक तुकड्याला पायही जोडूनच कापतात. चोपन्नाचे चार भाग केले, एक भाग साडेतेरा. शिवणीसाठी दोन्ही बाजूंना एक एक सेंटिमीटर माया सोडली. झाले साडेपंधरा. छातीजवळ प्रत्येक तुकडा साडेपंधरा सेंटिमीटर रुंद.

आता फेरा. ११६ चा विसावा भाग जवळजवळ सहा. ११६ वजा ६, राहिले ११०. त्यात पुढचा आणि मागचा भाग आला. निम्मे ५५. पण बसताना मागचा भाग जास्त लांबतो. म्हणून पुढे ५४ आणि मागे ५६ धरले. बेरीज ११० च झाली. यावर खांद्याला एक आणि खाली एक सेंटिमीटर माया. म्हणजे पुढचा तुकडा ५६, मागचा ५८.

ही बेरीज-वजाबाकी ताईंनी पाटीवर तीन वेळा केली. तिन्ही वेळा उत्तर एकच आले. मग त्या म्हणाल्या, "सुतळी खोटं बोलत नव्हती, गुरुजी. पण तिला वजाबाकी येत नव्हती!"

कागद आधी, कापड मग

मापे लिहून झाली की कागदाचा नमुना करावा. जुने वर्तमानपत्र चालते. मुलाचे अंगाला नीट बसणारे बनियन आणि तंग विजार कागदावर पसरावी. त्यांच्या कडेने पेन्सिल फिरवावी. दोन्ही आकार कमरेशी जोडावे. मग वहीतल्या मापांशी आकार ताडून पाहावा. फेरा कमी भरला तर कागद कमरेशी आडवा कापून मध्ये पट्टी चिकटवावी. कागद चुकला तर रद्दी वाया जाते. कापड चुकले तर पोट मारले जाते.

नवे कापड एक रात्र मोकळे पसरून ठेवावे. गुंडाळलेले कापड ताणलेले असते. सुताचे असेल तर एकदा धुऊन वाळवावे, म्हणजे पुढे आटत नाही.

कापताना कापड टेबलाखाली लोंबू देऊ नये. लोंबले की ते ताणते आणि तुकडा लहान पडतो. टाचण्यांनी कापड गोळा होते. म्हणून कागदावर वजने ठेवावी. ताईंनी पाट्यावरचा वरवंटा आणि दोन तांबे ठेवले. काम चोख झाले.

एका पोशाखाचे अंगाचे चार आणि बाह्यांचे दोन, असे सहा तुकडे. नऊ पोशाखांचे ५४ तुकडे. सगळे तपकिरी, सगळे सारखे! पूर्वी ताईंचा यात गोंधळ झाला असता. आता त्यांनी चिठ्ठ्या केल्या. मुलाचा क्रमांक आणि तुकड्याचे नाव. "३, पुढचा डावा." "७, बाही." प्रत्येक तुकड्याच्या मायेत चिठ्ठी टाचली. अक्षरे वाकडी होती, पण वाचता येत होती.

सुई, दोरा आणि टीप

साधी सुई टोकदार असते. ती विणीतले फासे कापते आणि कापडाला भोके पडतात. या कापडाला गोल टोकाची सुई मिळते. ती फासे बाजूला सारून आत जाते. शिवणसामानाच्या दुकानात "होजिअरीची सुई" मागावी. दोरा सुती नको, पॉलिएस्टरचा घ्यावा.

मशीनवर वाकडातिकडा टाका येत असेल, तर बारीक झिगझॅग टाका मारावा. ओढल्यावर हा टाका थोडा सरळ होतो आणि तुटत नाही. ताईंच्या मशीनवर सरळ टीपच येते. तेव्हा त्यांनी असे केले. टाका बारीक ठेवला. शिवताना कापड पुढून व मागून धरून थोडे ताणले. प्रत्येक शिवणीवर दोन टिपा मारल्या. दोन्ही पायांमधल्या जागी वरून हाताने उलटी टीप घातली. जवळ ओव्हरलॉकचे मशीन असलेले दुकान असेल, तर तेथून कडा पक्क्या करून घ्याव्या.

आधी चिंधीवर परीक्षा करावी. दहा सेंटिमीटर टीप मारून ती चौदापर्यंत ओढावी. दोरा तुटला तर पोशाखाला हात लावू नये. टाका आणि दोरा सुधारावा.

शिवण्याचा क्रम असा.

१. पुढचे दोन तुकडे मधोमध जोडावे.
२. मागचे दोन तुकडे खालून वर जोडावे. कमरेच्या थोडे खाली थांबावे. तेथून गळ्यापर्यंत चेन लावावी.
३. खांदे जोडावे.
४. बाह्या मुंढ्याला जोडाव्या.
५. मनगटापासून काखेपर्यंत आणि काखेपासून घोट्यापर्यंत एकच शिवण घ्यावी. दोन्ही बाजूंना.
६. शेवटी एका घोट्यापासून वर जाऊन दुसऱ्या घोट्यापर्यंत आतली शिवण घ्यावी.
७. गळ्याला बारीक इलॅस्टिक लावावे. मनगट व घोटे दुमडावे.

पायाचा कपडा वर चढू नये म्हणून घोट्याला इलॅस्टिकचा छोटा पट्टा लावतात. तो पावलाखालून जातो.

शेपूट पोशाखाला शिवू नये. तिच्या वजनाने कापड मागे ओढले जाते. चिंध्या भरून शेपूट करावी आणि कमरपट्ट्याला बांधावी.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. हे कापड आगीजवळ वितळते आणि अंगाला चिकटते. लंकादहनाचा प्रसंग असला, तरी खरी ज्योत वापरू नये. शेपटाला लाल-पिवळी कागदाची झालर लावावी. पणती, चूल आणि फटाके दूर ठेवावे.

फाटलेल्या पोशाखाचे काय झाले?

तो पहिला पोशाखही टाकून दिला नाही. त्याचा फेरा ९८ होता. हवा होता ११०. बारा कमी. पुढे सहा आणि मागे सहा वाढवले की झाले. आधी मागची चेन उसवली. मग पोशाख कमरेशी आडवा कापला आणि मध्ये पट्टी जोडली.

पट्टी किती उंच कापावी? ताई म्हणाल्या, सहा. आमच्या कुटुंबाने विचारले, "आणि माया?" पट्टीच्या वर-खाली मिळून दोन सेंटिमीटर मायेत जातात. पोशाखाच्या दोन्ही कापलेल्या कडांचे आणखी दोन जातात. सहा आणि चार, दहा. पट्टी दहा सेंटिमीटर उंच कापली. पायांमधली शिवण पक्क्या दोऱ्याने पुन्हा घातली. वरून लाल कमरपट्टा बांधला. जोड कोणाला दिसला नाही. उलट बाकीच्या आठ मुलांनीही लाल कमरपट्टा मागितला!

प्रत्येक मुलाला पोशाख घालून पाहिले. नुसते उभे करून नाही. हात वर करायला लावले, उकिडवे बसवले, उडी मारायला लावली. खांद्यावर ओढ बसली, तर फेरा कमी. पोटावर आडव्या चुण्या पडल्या, तर फेरा जास्त. असे कपडाच आपल्याला सांगतो. आपण पाहायला हवे.

संमेलनाची संध्याकाळ

बाराव्या दिवशी नऊ पोशाख शाळेत पोहोचले. संध्याकाळी आम्ही दोघे मागच्या रांगेत बसलो होतो. ताई दाराशी उभ्या होत्या. हातात सुई-दोरा होता. न जाणो, काही उसवले तर!

पडदा उघडला. नऊ वानर उड्या मारीत आले. खोक्यांचे दगड उचलून सेतू बांधू लागले. कोणी वाकले, कोणी लोळले, एकाने कोलांटी मारली. एका वानराची शेपूट सुटून पडली. ती त्याने खांद्यावर टाकली आणि तो दगड उचलायला धावला. लोक खूप हसले, पण ते हसू कौतुकाचे होते. पोशाख एकही फाटला नाही. पहिल्या दिवशी रडलेला तो मुलगा सर्वांत उंच उड्या मारीत होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत ताईंना मजुरी मिळाली. कारकुनाने सवयीने शाईचा डबा पुढे केला. अंगठा उठवायला. ताईंनी डबा बाजूला सारला आणि पेन मागितले. नाव लिहायला त्यांना थोडा वेळ लागला. कारकून थांबला.

त्या रात्री ताई वर्गात आल्या. त्यांनी नवी वही आणली होती. पहिल्या पानावर नऊ मुलांची मापे होती. चौथा आकडा प्रत्येक ठिकाणी लाल पेन्सिलीने लिहिला होता. खुंटीवरच्या सुतळ्यांचे काय केले, असे आम्ही विचारले.

ताई म्हणाल्या, "शेपट्यांत भरल्या!"

प्रश्न

१. पहिला पोशाख फाटण्याची दोन कारणे कोणती?
२. पूर्ण फेऱ्याचे माप कोठून कोठे घेतात?
३. शेपूट पोशाखाला का शिवू नये?
४. एका मुलीची छाती ७० सेंटिमीटर आहे. कापड दहाचे पंधरा होते. दहावा भाग कमी केल्यावर किती उरतील?
५. पूर्ण फेरा १२० आहे. विसावा भाग कमी केल्यावर किती उरतील?

करून पाहा

घरातले जुने बनियन आणि जुने धोतर घ्या. दोन्हींवर दहा सेंटिमीटरची खूण करा. ताणून पाहा आणि किती झाले ते वहीत लिहा. नंतर घरातल्या एका मुलाची सात मापे घ्या. प्रत्येक मापापुढे त्याचे नाव आणि तारीख लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा मापे घ्या. मूल किती वाढले, ते तुमची वही तुम्हाला सांगेल.